पत्ता दिला, पोर पोचलं का?

व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावर एक वाक्य हटकून ऐकू येतं: बाप दारूतून सुटला की घर आपोआप मार्गी लागतं. बोलणारी माणसं तळमळीची असतात, म्हणून त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. बापावर उपचार व्हायलाच हवेत, हे कोण नाकारील? भांडण आहे ते त्या ‘आपोआप’शी.

अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं आणि १९५१ साली मद्यपींच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन. आता सगळं आपोआप व्हायला हरकत नव्हती. तरी १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका शाळकरी वयाच्या मुलाने आपल्यासारख्या पोरांना गोळा करून वेगळा गट काढला. त्याचे वडील एएमध्ये होते, आई अल-अ‍ॅनॉनमध्ये. दोघांनाही मन मोकळं करायला जागा होती, पोराला नव्हती. त्यातूनच ‘अलाटीन’ उभं राहिलं. आपल्याकडे १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं आणि तिथे बायकांसाठी ‘सहचरी’ गटही चालला. व्यसनी माणसाची बायकोही आधाराची हक्कदार आहे, हे महाराष्ट्राला हळूहळू पटलं. पोराची पाळी मात्र बहुतेक ठिकाणी अजून शेवटीच येते.

शिवाय बाप काही एका दमात सुटत नाही. आधी भरती, मग पाठपुरावा, अधूनमधून घसरण, पुन्हा पहिल्यापासून. तोवर दहावीची परीक्षा थांबून राहत नाही.

दुसरी मंडळी म्हणतात, ‘मुलांना कशाला यात ओढता? त्यांचं वय काय!’ जणू मूल अजून बाहेर अंगणातच खेळतंय. जिन्यावर चपलांचा आवाज आला की आज कितपत झाली आहे, हे घरात सगळ्यात आधी त्याला कळतं. पगाराच्या दिवशी बापाला शोधत गुत्त्यापर्यंत तेच जातं. घरमालक दारात आला की ‘पप्पा गावाला गेलेत’ हेही त्यालाच सांगावं लागतं. बापाने रात्री गाडी काढू नये म्हणून किल्ली तांदळाच्या डब्यात खुपसणारं तेच, आणि आवाज चढला की धाकटीला कडेवर घेऊन शेजारी जाणारंही तेच. एवढं सगळं करणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही, ‘तुझं काय चाललंय?’ हा त्याचा बचाव कसला? ही आपली सोय.

या मंडळींची एक धास्ती मात्र खरी आहे. वर्गात नावं पुकारून ‘दारुड्यांची पोरं’ वेगळी बसवली, तर मदत राहिली बाजूला, जन्माचा शिक्का बसेल. म्हणूनच हे काम गाजावाजा न करता, एकेकाशी बोलून करावं लागतं. करूच नये, असं त्यातून कुठे निघतं?

तिसरा युक्तिवाद सरकारी थाटाचा: ‘हेल्पलाइन आहे, केंद्रं आहेत, ज्याला गरज तो येईल.’ आहेत खरंच. नशामुक्तीसाठी १४४४६, मुलांसाठी १०९८, मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस १४४१६. पण सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाने कसले तरी उपचार मिळाल्याचं सांगितलं. ज्याच्या नावाने केंद्र काढलं त्याची ही गत. मग ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, ते पोर आपल्या पायांनी कसं येईल? घरात फोन एकच असतो आणि पुष्कळदा तो बापाच्याच खिशात. ओपीडी सकाळची. आईने यायचं तर तिचा खाडा पडतो, रोज बुडतो.

सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाची क्लिनिकं आहेत. कल्पना उत्तम. पण तिथवर जायचं तर आधी केसपेपरची खिडकी. मागे रांग, त्यात गल्लीतलंच कोणीतरी. काचेआडून मोठ्याने विचारणा होते, ‘काय होतंय?’ पोरगा म्हणतो, ‘डोकं दुखतं.’ मग त्याला त्यावरच्या गोळ्या मिळतात. समुपदेशकाची खोली त्याच व्हरांड्याच्या टोकाला असते. तिथे त्याला कोणी नेलं नाही, एवढंच.

माझं म्हणणं या व्हरांड्यापुरतंच आहे. नव्या योजनेची, नव्या फलकाची मागणी मी करत नाही. पोराच्या ओळखीचं एक मोठं माणूस पहिल्या खेपेला त्याच्यासोबत हवं: आशाताई, वर्गशिक्षिका, मामा, मावशी, कोणीही. त्याने समुपदेशकाशी आधी बोलून वेळ ठरवावी, ती शक्यतो शाळा सुटल्यावरची असावी आणि खिडकीवरचं उत्तर स्वतः द्यावं. बाप उपचाराला तयार आहे की नाही, यावर पोराची भेट अडवून ठेवू नये. व्यसनमुक्ती केंद्रांनीही भरतीच्या दिवशी रुग्णाच्या माहितीबरोबर घरातल्या मुलांची वयं विचारावीत आणि त्यांच्यासाठी भेटीची तारीख त्याच दिवशी द्यावी.

‘एवढा वेळ कोणाला आहे?’ असं कोणी म्हणेल. पालकसभेला सतत एकटीच येणारी आई आणि हजेरीपटावर दर सोमवारी गैरहजर असणारं तिचं पोर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. त्या आईला सभेनंतर पाच मिनिटं थांबवा. नुसता नंबर देऊ नका. तिच्या देखत तुमच्या फोनवरून लावा, वेळ घ्या आणि त्या दिवशी पोराबरोबर जा.