गीझर मालकाचा, बिघाड भाडेकरूचा?

उज्जैनच्या भैरवगढमध्ये काळभैरवाच्या डोक्यावर शिंद्यांची पगडी असते. महादजी शिंद्यांनी आपली पगडी देवापुढे ठेवून यश मागितलं आणि ते मिळाल्यावर देऊळ नव्याने उभं केलं, अशी तिथली कथा आहे. मुंबईच्या मराठी माणसाला मात्र 'पगडी' म्हटलं की देव नाही, चाळीतल्या खोलीसाठी मालकाला मोजलेली एकरकमी रक्कम आठवते. मालक आणि भाडेकरू यांचं आपलं ठेवणीतलं भांडण त्या दुसऱ्या पगडीच्या काळात घडलं. आज फर्निश्ड फ्लॅटमधला गीझर बंद पडला, तरी दोन्ही बाजू त्याच काळातले युक्तिवाद झटकून वापरायला काढतात.

त्यातला पहिला मालकाचा: "एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कुठून करू?" एके काळी हे खरं होतं. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली आणि वर्षाच्या भाड्यात जिन्याच्या चार पायऱ्याही बसेनात. इमारती ढासळू लागल्यावर सरकारला १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं आणि उपकर लावावा लागला. पण फर्निश्ड फ्लॅटचं भाडं कुठे गोठलं आहे? ते बाजारभावाने ठरतं, बहुतेक करारांत दर अकरा महिन्यांनी वाढतं, आणि रिकाम्या फ्लॅटपेक्षा जास्त असतं. समजा, फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर आणि पलंग यांच्यापोटी महिन्याला तीन हजार रुपये जास्त घेतले. वर्षाचे ३६ हजार झाले. ही रक्कम चालू फ्रिजची आहे. बंद फ्रिज म्हणजे पत्र्याचं कपाट, आणि कपाटाला कुणी एवढं भाडं देत नाही. शिवाय घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाला प्राप्तिकरात सरसकट ३० टक्के वजावट मिळते. वर्षभरात नळाचा वॉशरही बदलला नसेल, तरी मिळते.

दुसरा युक्तिवाद जास्त चिवट आहे: "तुम्ही वापरत होता तेव्हा बिघडलं ना?"

आता गीझर वापरला नसताना बिघडणार कसा? कॉइल का जळते, ते प्लंबरला विचारावं. उज्जैनचा माळवा काय आणि पुणे काय, दोन्हीकडे जमिनीखाली बेसॉल्ट; बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. ते तापलं की त्यातले क्षार सुटून कॉइलवर पांढरी पुटं चढतात, उष्णता पाण्यात जायची ती कॉइलमध्येच अडते आणि कॉइल जळते. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती टाकीऐवजी स्वतः झिजते आणि संपली की बदलावी लागते. मालकाने गीझर घेतला, बोअर मालकाच्या इमारतीचं, कांडी किती वर्षांत बदललेली नाही हेही त्यालाच ठाऊक. चार महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या माणसाचा यात गुन्हा एवढाच, की त्याने अंघोळ केली. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यालाही हा फरक कळत होता. भाडेकरूने जागा मिळाली तशी परत करावी, असं तो सांगतो, पण रास्त वापराने होणारी झीज त्यातून वगळतो.

खरा हुकमाचा पत्ता मालकांच्या हाती २०२१ साली आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी आहे. पाइप, वायरिंग आणि रंगरंगोटी मालकाकडे. नळ, स्विच आणि चक्क गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. म्हणजे मालक बरोबर? नाही. ही वाटणी करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हाची आहे. शिवाय हा नमुना आहे. एखाद्या राज्याने तसा कायदा केला तरच तो तिथे लागू होतो. आणि त्यातल्या भाडेकराराची माहिती कळवण्याच्या नमुन्यात फर्निचर व इतर उपकरणांची नोंद करायला स्वतंत्र जागा ठेवली आहे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर परिशिष्टाचा फोटो फिरवणारे सोयीने विसरतात.

भाडेकरूंच्या बाजूनेही फुशारक्या कमी नाहीत. "मालकाने केलं नाही तर आपण करायचं आणि भाड्यातून कापायचं, कायदाच आहे!" आहे खरा. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४नुसार करारात उलट काही नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने हात हलवला नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. मालकाने पुरवलेलं फर्निचर या कायद्याच्या 'जागे'च्या व्याख्येतच बसतं. मध्य प्रदेशच्या १९६१च्या कायद्याची व्याख्याही तशीच. पण पुण्या-मुंबईतले फर्निश्ड फ्लॅट बहुतेक लीव्ह अँड लायसन्सवर असतात, आणि तिथे राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, परवानाधारक असतो. कलम १४ भाडेकरूसाठी आहे. तेव्हा नोटीस न देता, करार न वाचता भाडं कापणारा बहाद्दर स्वतःचंच डिपॉझिट धोक्यात घालतो. मायक्रोवेव्हमध्ये स्टीलची वाटी ठेवून त्याला 'झीज' म्हणणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

मग वाटणी कशी व्हावी? वस्तू वयाने किंवा पाण्या-विजेच्या दोषाने गेली, तर खर्च मालकाचा. हयगयीने गेली, तर वापरणाऱ्याचा. बल्ब, रिमोटचे सेल, जाळी साफ करणं असली किरकोळ कामं राहणाऱ्याने करावीत. त्यावर मालक म्हणतील, फुकट दुरुस्ती मिळाली की लोक बेफिकीर होतात. पण बेफिकिरीचं उलटं टोक मालकाकडेच आहे. फ्रिज तो निवडतो आणि विजेचं बिल दुसरा भरतो, म्हणून त्याची निवड स्वस्त, एक-दोन ताऱ्यांच्या किंवा ताऱ्यांच्या आधीच्या जुनाट यंत्रावर थांबते. दुरुस्तीही राहणाऱ्याच्याच माथी मारली, तर ते यंत्र बदलायचं कारणच उरत नाही.

हे सगळं ठरायला हवं ते करारामागच्या सामानाच्या यादीत. तिथे आज "गीझर – १, फ्रिज – १, पंखे – ४" एवढंच असतं. एजंटकडच्या फाइलमधून ती वर्षानुवर्षं नक्कल होत येते. कधी कधी आधीच्या फ्लॅटमधला पाचवा पंखाही तिच्यात फिरत राहतो. त्या ओळीत कंपनी, खरेदीचं वर्ष, शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख, बिघाड कळवल्यापासून किती दिवसांत माणूस येणार आणि किती रुपयांपर्यंतचं काम राहणाऱ्याने करायचं, एवढं लिहायला दहा मिनिटं पुरतात. चावी घेताना प्रत्येक यंत्र चालू करून मोबाइलवर चित्रीकरण करायला आणखी दहा. हे काम उज्जैनलाही तितकंच लागू आहे: तिथे ११ ऑक्टोबर २०२२ला महाकाल मंदिराचं 'महाकाल लोक' संकुल खुलं झाल्यापासून गर्दी वाढली आहे आणि २०२८चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे. तिथे सामानासकट खोल्या भाड्याने देणाऱ्यांच्या बोअरचं पाणीही तसंच जड आहे, आणि त्यांच्या गीझरमधली कांडी आत्ताही झिजते आहे.