नोंद कुणाच्या नावावर?

आमच्या सोसायटीचे हिशेब वहीतून वेबसाइटवर गेले, त्या दिवशी सभेत पेढे वाटले गेले. घरबसल्या पावती मिळणार, थकबाकीदारांची नावे क्षणात समोर येणार! समितीच्या सातही सदस्यांसाठी मात्र नाव एकच होते, ‘समिती’. आणि पासवर्डही एकच, तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. दीड वर्षाने १८ हजारांची एक जमेची नोंद कुणीतरी रद्द केल्याचे आढळले. बोट अर्थातच खजिनदारांकडे गेले. गृहस्थ आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी पदरचे १८ हजार भरले आणि राजीनामा दिला. त्या सभेत मीही होतो. गप्प बसलो होतो, हेही सांगितले पाहिजे.

संगणक सगळे टिपून ठेवतो, अशी आपली भाबडी समजूत असते. ती निम्मी खरी आहे. बहुतेक वेबसाइटच्या मागे घडामोडींची एक नोंदवही चालू असते. तिला ‘लॉग’ म्हणतात. आमचीही होती. ती मागवली तेव्हा तारीख मिळाली, मिनिट मिळाले, सेकंदही मिळाला. आणि नावाच्या जागी ‘समिती’! त्या वेळी तिघे-चौघे एकदम काम करीत होते. सगळ्यांच्या ओळी एकमेकींत अशा मिसळलेल्या, की कुठली कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये.

आपल्या जुन्या पेढ्यांनी ही अडचण केव्हाच सोडवली होती. रोजकीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरत, पण प्रत्येकासमोर खतावणीचे पान लिहिलेले असे. म्हणून ज्याचे त्याचे खाते वेगळे काढता येई. लॉगचेही तसेच. दर माणसाची वेगळी फाइल ठेवावी, असे प्रथम मनात येते. पण माणसे हजारांनी वाढली की फायलींचे अरण्य माजते, आणि एकाच्या कृतीने दुसऱ्याच्या खात्यात काय झाले ते दिसेनासे होते. तेव्हा वही एकच असावी. प्रत्येक ओळीवर माणसाची खूण आणि त्याच्या सेशनची, म्हणजे लॉगइन केल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या काळाची, खूण असावी.

वेबची रीत मुळात विसराळू. प्रत्येक मागणी सर्व्हरला नव्या पाहुण्यासारखी. म्हणून लॉगइन करताच तो ब्राउझरच्या हाती एक क्रमांक देतो आणि पुढे त्यावरून ओळख पटवतो. हा क्रमांक म्हणजे किल्लीच! तो जसाच्या तसा लॉगमध्ये लिहिला, तर लॉग वाचणारा कुणाच्याही घरात शिरेल. लिहायची ती त्यापासून बनवलेली, उलट न फिरवता येणारी खूण. आणखी एक बारकावा. पुष्कळदा सर्व्हरमधले मोजकेच कामगार आळीपाळीने सर्वांची कामे उरकत असतात. एकाचे काम संपल्यावर कामगाराच्या गळ्यातली त्याच्या नावाची चिठ्ठी काढून घ्यायला प्रोग्रॅमर विसरला, तर पुढच्याचे कृत्य आधीच्याच्या नावावर चढते. कोऱ्या जागेपेक्षा हे वाईट, कारण लिहिलेल्या नावावर लोक विश्वास ठेवतात.

तो विश्वास काय करू शकतो, हे ब्रिटनने पाहिले. तिथल्या पोस्टाची ‘होरायझन’ ही प्रणाली काही वेबसाइट म्हणून जन्मली नव्हती, पण प्रश्न हाच होता. ती तूट दाखवी आणि गावोगावचे टपालचालक ती पदरची भरत. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. बाहेरून कुणालाही शाखेच्या हिशेबात हात घालता येत नाही, असे पोस्ट वर्षानुवर्षे सांगत आले होते. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने उलटाच निष्कर्ष काढला: प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सूच्या माणसांना शाखेच्या खात्यात नोंदी घालता येत होत्या, आणि जुन्या होरायझनमध्ये तर टपालचालकानेच त्या केल्या आहेत असे भासेल अशा रीतीने.

तेव्हा माझे मागणे केवळ सदस्यांपुरते नाही. दुरुस्तीला येणाऱ्या कंपनीच्या माणसाचीही नोंद त्याच्या स्वतःच्या नावानेच झाली पाहिजे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची बंद न करता येणारी नोंद सक्तीची झाली आहे. आमची सोसायटी कंपनी नव्हे, म्हणून तिला हा नियम लागू नाही. पण लाज लागू असायला हरकत नाही.

टिपायचे म्हणून सगळेच टिपू नये, हे खरेच. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. ते पासवर्ड कंपनीच्याच अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले गेले होते. कोणी काय केले ते लिहावे, कोणाचे गुपित काय ते नव्हे. आणि ज्याच्यावर आळ आला, त्याला आपल्या ओळी मागितल्याबरोबर पाहायला मिळाव्यात. आमच्या खजिनदारांना त्या राजीनाम्यानंतर पाच आठवड्यांनी दिसल्या.

आता सातजणांना सात नावे आहेत. कपाटाच्या दारावर नुसता डिंकाचा डाग उरला आहे. ते १८ हजार परत करावेत, असा विषय मी येत्या सभेसाठी लेखी दिला आहे. सचिव म्हणाले, पुरावा काय? मी म्हटले, त्यांच्याविरुद्ध तरी काय होता?