विश्लेषण : फोटोतले जुने विमान कोणते? हा खेळ सातारा-सांगलीत का खेळायला हवा?

सातारा-सांगलीतील अनेक घरांत फौजेत नोकरी केलेल्या आजोबांची ट्रंक असते. त्यात पदके, पत्रे आणि काही कृष्णधवल फोटो. एखाद्या फोटोत आजोबांच्या मागे विमान उभे दिसते. ते कोणते, फोटो कुठला, हे सांगणारे माणूस मात्र आता नसते. अशाच फोटोंवरून जगभरातील हौशी मंडळी एक खेळ खेळतात. तो आपल्याकडेही रुजायला हवा.

खेळ नेमका काय?

एकाने जुन्या, सहसा न दिसणाऱ्या विमानाचा फोटो टाकायचा, इतरांनी नाव ओळखायचे. जो ओळखेल त्याने पुढचा फोटो द्यायचा. बक्षीस नाही. मात्र नुसते नाव सांगून भागत नाही, कशावरून ओळखले तेही सांगावे लागते.

ही विद्या आली कुठून?

युद्धातून. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरून तीनच दिवस झाले असताना, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच दोन हरिकेन विमानांना शत्रूची समजून पाडले. एका वैमानिकाचा जीव गेला. विमान ओळखण्याची किंमत तेव्हा कळली. १९४१ पासून ‘द एअरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक निघू लागले. विमानांच्या काळ्या छायाकृती छापलेले पत्त्यांचे कॅटही निघाले. युद्ध संपले, छंद उरला.

ओळखायचे कसे?

क्रम ठरलेला आहे : पंख, इंजिन, धड, शेपूट. एकावर एक असे दोन पंख आहेत की एकच? इंजिने किती? शेपटीचा आकार कसा? गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सरावाला भरपूर वाव आहे. चार पंख्यांची इंजिने आणि तीन उभ्या शेपट्या दिसल्या, की ते एकेकाळी एअर इंडियाच्या ताफ्यात असलेले सुपर कॉन्स्टेलेशन. पोट होडीसारखे असेल, तर पाण्यावर आणि जमिनीवरही उतरणारे शॉर्ट सीलँड. गोव्याच्या सहलीत या विमानांसमोर सेल्फी काढणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

चूक झाली तर काय बिघडते?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून मुंबईला आले ते पस मॉथ विमानातून. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, पण लेपर्ड मॉथमधून. दोन्ही विमाने सख्ख्या भावांसारखी दिसतात. फरक चाकांच्या दांडीत आहे. पस मॉथमध्ये ती वर पंखाजवळ जाते, तर लेपर्ड मॉथमध्ये पुढे इंजिनाच्या मागे. लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडाले १९३३ मध्ये. त्यामुळे ‘१९३२ चे ऐतिहासिक उड्डाण’ म्हणून लेपर्ड मॉथचा फोटो कोणी फॉरवर्ड केला, तर ती ओळ खोटी हे एका दांडीवरून सिद्ध होते.

मोबाइल नाव सांगतो, मग खेळ कशाला?

मोबाइलवरचा शोध मिळतेजुळते फोटो आणि त्याखालच्या ओळी दाखवतो. ती ओळच चुकीची असेल, तर चूक शंभर जणांपर्यंत पोहोचते. खेळात मात्र ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. आधी पुरावा, मग नाव. फॉरवर्डच्या काळात ही सवय विमानांपुरती राहणार नाही.

इथेच का?

देशातील पहिले सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाले. कराडला धावपट्टी आहे. सांगलीकर कवलापूरच्या विमानतळाची मागणी वर्षानुवर्षे करत आहेत. म्हणजे विमानांचे आकर्षण आहे आणि जुने फोटोही आहेत. शाळा आणि वाचनालयांनी आठवड्याला एक फोटो फलकावर लावला, तरी सुरुवात होईल. खर्च शून्य. पथ्ये दोनच : कुटुंबाची परवानगी घ्यायची आणि आजच्या लष्करी ठिकाणांचे फोटो टाकायचे नाहीत.

आणि घरात अजून सांगणारे कोणी असेल, तर आजच विचारावे. नाव, गाव, साल पेन्सिलने हलक्या हाताने फोटोमागे लिहून ठेवावे. विमानाचे नाव पुढे कोणीही अभ्यासू शोधून काढेल. त्यासमोर उभ्या माणसाचे नाव मात्र घरच्यांशिवाय कोणी सांगू शकणार नाही.