हिशेब विचारणार कोण?

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक भेद स्पष्ट केला होता. सरकारच्या जबाबदारीची तपासणी मतदार ठरावीक काळाने करतात. सभागृहाचे सदस्य मात्र ती रोज करतात, प्रश्न विचारून, ठराव मांडून. स्थैर्यापेक्षा जबाबदारी मोठी मानूनच आपण संसदीय पद्धत स्वीकारली. आज ही रोजची तपासणी होते काय?

उस्मानपुऱ्यातील शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आपल्या मुलाची शिष्यवृत्ती असो की वस्तीतल्या बेरोजगाराला मिळणारे महामंडळाचे कर्ज, पैसा विधिमंडळच मंजूर करते. तो पोहोचला की नाही, हे पाहणे हेही विधिमंडळाचेच काम. त्यासाठी लोकलेखा समिती आहे, सार्वजनिक उपक्रम समिती आहे, अनुसूचित जाती कल्याण समिती आहे. कलम 151 नुसार महालेखापरीक्षकांचे अहवालही सभागृहापुढे येतात. यंत्रणा आहे, धाक नाही!

मातंग समाजाच्या उत्थानासाठी 1985 साली अण्णाभाऊ साठे महामंडळ स्थापन झाले. तिथल्या शेकडो कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून 2015 मध्ये त्याचे अध्यक्षपद भूषविलेल्या आमदारालाच अटक झाली. महामंडळ ही सरकारी कंपनी. तिचा वार्षिक अहवाल लेखापरीक्षणासह विधिमंडळापुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. दरवर्षीचा हिशेब दरवर्षी मागितला गेला असता, तर एवढी मजल गेली असती काय?

2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळविले गेले. याच शहराचे आमदार असलेले खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. त्या बहिणींमध्ये आमच्याही भगिनी आहेत. वाद योजनेशी नाही, आमच्या हक्काच्या निधीला हात घालण्याशी आहे. आंध्र प्रदेश व कर्नाटकाने 2013 मध्ये या निधीसाठी कायदे केले. मात्र कायदा असूनही कर्नाटकात 2023 नंतर हा निधी हमी योजनांकडे गेला. म्हणजे कायदा हवाच, आणि त्यावर सभागृहाचा पहाराही हवा.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या राखीव जागांवरून 29 आमदार निवडून येतात. समाजबांधवांनो, सत्कारापूर्वी त्यांना एवढेच विचारा : आमच्या निधीबद्दल सभागृहात किती प्रश्न विचारलेत? समितीच्या किती बैठकांना हजर होतात? मत मागायला येणाऱ्याने हा हिशेब सोबत आणलाच पाहिजे.