विष सापडले नाही, विष सापडले: पुण्याचे दोन खटले (थ्रेड)

१/ जून २०२३ मध्ये मीरा रोडच्या एका सदनिकेत एका स्त्रीच्या देहाचे तुकडे सापडले. आमच्या भाईंदर लोकलच्या डब्यात दोन दिवसांत फाशी सुनावून झाली! साक्षीपुराव्याची वाट पाहण्यास कोणास सवड नव्हती. 'परिस्थितीच बोलते', एवढे पुरे होते.

२/ परिस्थिती बोलते, हे मान्य. पण ती नेमके काय बोलते?

३/ नोव्हेंबर १९५६. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाईंना डॉ. अनंत चिंतामण लागू मुंबईच्या तज्ज्ञाकडे दाखवण्यासाठी रात्रीच्या गाडीने घेऊन निघाले. पहाटे व्हीटीला बाई बेशुद्ध. जीटी रुग्णालयात त्याच दिवशी त्या वारल्या. डॉक्टरांनी त्यांची ओळख लपवली. देह बेवारस ठरला.

४/ शवचिकित्सेत विष सापडले नाही. सापडले ते पुढचे वर्तन: बाईंनी दुसरे लग्न करून दूर संसार थाटला, अशी भासवणारी बनावट पत्रे, आणि त्यांची मालमत्ता हळूहळू डॉक्टरांच्या हाती.

५/ डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. न्या. हिदायतुल्ला यांचा युक्तिवाद बिनतोड आहे: विष सापडलेच पाहिजे असा हट्ट धरला, तर माग न ठेवणारे विष निवडणारा नेहमीच सुटेल. पण हा निकाल २ विरुद्ध १ असा होता. न्या. सरकार यांना खून सिद्ध झाला असे वाटले नाही. ही कथा रंगवून सांगणारे बहुतेक जण ते भिन्नमत गाळतात. (मला दोषसिद्धी पटते. तिघांतील एका न्यायमूर्तीला शंका असताना दिलेली फाशी मात्र पटत नाही.)

६/ आता १९८२. पुन्हा पुणे. एका नवविवाहितेचा मृत्यू. या वेळी विष निश्चित, पोटॅशियम सायनाइड. पती शरद सारडा यांना सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. विष होते, ते कोणी दिले, हे सिद्ध नव्हते. आत्महत्येची शक्यता पुसली गेली नव्हती.

७/ न्या. फझल अली यांनी येथेच 'पंचशील' मांडले: प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध हवी, ती केवळ दोषाशीच जुळावी, तिचे स्वरूप निर्णायक असावे, निरपराधत्वाची प्रत्येक शक्यता तिने वगळावी, साखळी अखंड असावी. मुळे १९५२ च्या हनुमंत खटल्यात आहेत, आणि तो खटला खुनाचा नव्हे, बनावटगिरीचा होता.

८/ खोटे बोलणे, पळणे, लपवणे यांनी संशय गडद होतो. पण आरोपीच्या खोटेपणाने साखळीतील तुटलेली कडी सांधता येत नाही, असे सारडा निकालच सांगतो. डब्यातील न्यायाधीश नेमके तेच सांधत असतात.

९/ 'मग खुनी मोकळे सोडायचे काय?' असे खाली कोणी विचारीलच. लागू सुटले नव्हते.