लष्करी रुग्णालयातील संशोधन : हुकूम नव्हे, होकार



पुणे कॅम्पातून सोलापूर रस्त्याने हडपसरकडे निघालात की वानवडीच्या परिसरात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय लागते. पुणेकर त्याला 'एएफएमसी' या नावानेच ओळखतात. डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या समितीने शिफारस केल्यावर १ मे १९४८ रोजी ही संस्था स्थापन झाली आणि ऑगस्ट १९६२ पासून तेथे पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. जवळच दक्षिण कमांडचे मोठे लष्करी रुग्णालय आहे.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. बारावीच्या वर्गातला एखादा विद्यार्थी दर एक-दोन वर्षांनी मला विचारतोच, "सर, लष्करात डॉक्टर झालो तर संशोधन करायला मिळेल का? की नुसते हुकूम पाळायचे?"

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. संशोधन करायला मिळते, इतकेच नव्हे तर ते करावेच लागते. वैद्यकातील पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो आणि बहुतेक तरुण डॉक्टरांच्या संशोधनाचा श्रीगणेशा तेथेच होतो. प्रश्नाचा दुसरा भाग मात्र वाटतो तितका साधा नाही. हुकूम आणि संशोधन यांचे नाते काय? याविषयी माझे एक ठाम मत आहे, आणि ते तुमच्यापुढे मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

प्रथम लष्करी रुग्णालयाची जमेची बाजू पाहू. रुग्णांवर केलेल्या संशोधनात सर्वांत मोठी अडचण असते ती रुग्णांमधील फरकांची. एक म्हातारा, एक तरुण; एकाला पोटभर जेवण, दुसऱ्याला अर्धपोटी; एक औषध नियमित घेणारा, दुसरा विसरणारा. अशा माणसांची तुलना करायची तरी कशी? लष्करातील जवान मात्र साधारण एका वयाचे, भरतीच्या वेळी तपासून घेतलेले, एकाच भटारखान्यात जेवणारे आणि एकाच दिनक्रमाने चालणारे असतात. त्यांच्या आजारपणाची नोंद ठेवलेली असते. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर येथे बऱ्याचशा राशी आपोआपच स्थिर राहतात आणि एकीचा परिणाम निवांतपणे पाहता येतो.

इतिहासही याला साक्ष आहे. हिवताप डासांमार्फत पसरतो या शोधाचा पाया घालणारे रोनाल्ड रॉस हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लष्करी डॉक्टर होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे त्यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी दिसले. हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यायलेला तो डास होता. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे खानला एक आणा मिळाला होता. रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या सैन्यातील एक उदाहरण तर पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावे असे आहे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर सपाटीवरच्या हजारो जवानांना थोड्या अवधीत हिमालयातील उंच ठाण्यांवर न्यावे लागले. पुण्यात हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७१० मिलिमीटर असतो. साडेअकरा हजार फुटांवरच्या लेहमध्ये तो ५०० च्या आसपास येतो. हवेतील ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण तेच, २१; पण एकूण दाबच घटल्याने ऑक्सिजनचा वाट्याला येणारा दाबही त्याच प्रमाणात घटतो. काही धडधाकट तरुणांना तेथे पोचल्यावर दोन-चार दिवसांतच धाप लागे, खोकला येई, छातीत बुडबुडल्यासारखा आवाज येई. दिसायला हा न्यूमोनिया. पण प्रत्यक्षात फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढून पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपत होते. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३३२ रुग्णांचा अभ्यास १९६५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये त्यांनी उंचीवर गेलेल्या १९२५ जवानांच्या विकारांविषयी लिहिले. या विषयावर जगात कोठेही एवढ्या मोठ्या संख्येने निरीक्षणे झालेली नव्हती.

आता या कथेचा पुढचा भाग ऐका, कारण खरा धडा तेथे आहे. १९६९ च्या त्या लेखात लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइड या औषधाची शिफारस होती. अंगात पाणी साठले आहे, ते बाहेर काढावे, हा विचार अगदी पटण्यासारखा होता. परंतु पुढे इतरांनी तुलना करून पाहिली तेव्हा तो लाभ दिसेना. उंचीवर माणसाच्या अंगातले पाणी आधीच कमी होत असते, त्यात हे औषध देणे धोक्याचे ठरू शकते. आज या विकारावर ते दिले जात नाही. विश्रांती, ऑक्सिजन आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरवणे हेच मुख्य उपचार आहेत. त्यानंतर निफेडिपीन नावाचे रक्तदाबाचे औषध पुढे आले. २०१२ मध्ये आपल्याच लष्करी डॉक्टरांनी लडाखमधील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला ऑक्सिजन आणि विश्रांतीच्या जोडीला निफेडिपीन दिले होते, दुसऱ्याला दिले नव्हते. दोन्ही गट सारखेच बरे झाले.

'औषधाचा जादा फायदा नाही' हे उत्तर काही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही. पण माझ्या मते असे उत्तर निमूटपणे लिहून प्रसिद्ध करणारा डॉक्टर हा खरा संशोधक होय. वरिष्ठाला काय आवडेल, पुस्तकात काय छापले आहे, यापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळ काय दिसले याला त्याने मान दिला.

हे वाटते तितके सोपे नाही. आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायला देतो. घड्याळ सुरू करण्यापूर्वीच कोणीतरी विचारतो, "सर, उत्तर किती यायला हवे?" 'सुमारे ९७८' असे एकदा सांगितले की संपले! तासाभरात सगळ्या वह्यांमध्ये ९७८ च्या अलीकडे-पलीकडे आकडे दिसू लागतात. मुले खोटारडी नसतात. आंदोलने मोजताना बोट थोडे लवकर किंवा उशिरा दाबले जाते, न जुळणारे वाचन 'चुकले असेल' म्हणून खोडले जाते. अपेक्षेचा हुकूम बोटात उतरतो.

मग विचार करा, जेथे हुकूम हाच जीवनाचा नियम आहे तेथे काय होईल? उंचीवरच्या आजाराची पहिली खूण म्हणजे डोकेदुखी. डोकेदुखी मोजण्याचे यंत्र नाही. ती जवानाला विचारावी लागते. आणि विचारणारा त्याचा अधिकारी असेल तर? तुकडीतून मागे राहावे लागेल म्हणून एक जवान दुखणे लपवील. साहेबांना औषधाचा गुण यायला हवा आहे असे वाटून दुसरा 'बरे वाटते' म्हणेल. दोघेही शिस्तीचेच, पण दोघांचीही उत्तरे संशोधनाच्या दृष्टीने बाद.

म्हणून माझे मत असे की लष्करी रुग्णालयात संशोधनाचा आरंभ रुग्णाच्या 'नाही' म्हणण्याच्या हक्कापासून झाला पाहिजे. हा हक्क म्हणजे केवळ दयाबुद्धी नव्हे. प्रयोगापूर्वी तराजूचा काटा शून्यावर आणतो ना, तसे ते आहे. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला वजन नाही, आणि त्याने दिलेल्या उत्तरांनाही नाही.

ही कल्पना नवी नाही. १९०० मध्ये क्यूबात अमेरिकी लष्कराचे डॉक्टर मेजर वॉल्टर रीड पीतज्वराचा शोध घेत होते. या रोगाला तेव्हा औषध नव्हते. रीड यांनी प्रयोगात भाग घेणाऱ्यांशी लेखी करार केला. स्पॅनिश भाषकांसाठी तो स्पॅनिशमध्येही होता. जिवाला धोका आहे हे त्यात स्पष्ट लिहिले होते. मोबदल्यात शंभर डॉलरचे सोने, आणि आजारी पडल्यास आणखी शंभर. आज आपण विचारू की गरीब माणसाला एवढी रक्कम म्हणजे आमिष नव्हे काय? विचारायलाच हवे. तरीही सैन्याच्या छावणीत धोका कागदावर मांडून माणसाची सही मागणे हे त्या काळी मोठेच पाऊल होते.

आपल्या देशात आज हे नियमाने बांधलेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ज्यांना विशेष संरक्षण द्यावे अशा लोकांची यादी आहे. वरिष्ठ-कनिष्ठ नात्यात अडकलेल्या व्यक्ती म्हणून तेथे कैद्यांबरोबर सशस्त्र दलांतील कर्मचाऱ्यांचा, आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे! तरुण लष्करी डॉक्टराने एखादा प्रश्न निवडला की त्याला आराखडा लिहून नीतिसमितीपुढे ठेवावा लागतो. या समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक सामान्य नागरिकही असतो. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. औषधांची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे निकाल मनासारखा लागला नाही म्हणून चाचणी गुपचूप गाडून टाकणे अवघड होते.

यावर कोणी म्हणेल, "जवान देशासाठी प्राण देतो. त्याला दोन थेंब रक्तासाठी परवानगी कसली विचारता?" हा युक्तिवाद ऐकायला रुबाबदार आहे, पण फसवा आहे. जवानाने शपथ घेतली ती देशाच्या रक्षणाची, कोणाच्या प्रबंधातला आकडा होण्याची नव्हे. आणि ज्याने एवढे दिले आहे त्याला आणखी काही मागताना अधिक आदराने विचारायचे की कमी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "सगळेच नाही म्हणाले तर संशोधन थांबेल, आणि नुकसान पुढच्या जवानांचेच होईल." भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय सक्ती नव्हे, समजावून सांगणे हा आहे. जवानाला त्याच्या भाषेत, त्याच्या वेळेने, त्याचा अधिकारी नसलेल्या माणसाने सांगावे. नकार दिलाच तर ती गोष्ट त्याच्या तुकडीपर्यंत जाऊ नये आणि उपचारात तसूभरही फरक पडू नये. एवढे झाले की बहुतेक माणसे मदतच करतात, असा माझा विश्वास आहे.

हे सारे मी शहाणपणाचा आव आणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी वर्गात प्रतिक्रियाकाल मोजण्याचा एक छोटा प्रयोग योजला. पट्टी सोडायची, मुलाने ती पकडायची, इतकेच. "कोण तयार आहे?" म्हणताच सर्वांनी हात वर केले. मला आनंद झाला. नंतर एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, माझ्या बोटाला लागले होते. पण प्रात्यक्षिकाचे गुण तुमच्याकडे आहेत ना!" त्याची सगळी वाचने मी खोडली. तेव्हापासून वर्गात असे हात वर करायला सांगत नाही, चिठ्ठ्या घेतो.

शिक्षक बंधु-भगिनींना आणि तुम्हांला म्हणूनच एक सुचवतो. पर्वतीच्या, किंवा आपल्या गावच्या टेकडीच्या पायऱ्या चढण्यापूर्वी आणि चढल्यावर नाडीचे ठोके मोजा. रोज खेळणारे आणि न खेळणारे असे दोन गट करा. मोजणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला हे कळू देऊ नका. आकडे वाटेल तसे आले तरी खोडू नका. आजारी मुलांना चढवू नका. आणि सर्वांत आधी चिठ्ठ्या वाटा, म्हणजे नको असेल त्याला निमूटपणे 'नाही' लिहिता येईल.

एखादी चिठ्ठी 'नाही' म्हणून आली तर नाराज होऊ नका. बाकीच्या चिठ्ठ्यांवरचे 'हो' खरे आहे, याचा तो पुरावा समजा. यातूनच तुमच्यापैकी कोणी पुढे वानवडीच्या त्या फाटकातून आत गेला, गणवेशावर डॉक्टरचा पांढरा कोट चढवून एखाद्या जवानाच्या खाटेजवळ वही घेऊन उभा राहिला, तर त्या क्षणी तुमच्या खांद्यावरचे तारे त्याला दिसणार आहेत हे विसरू नका. ते तारे बाजूला ठेवून त्याला विचारा. मग तो जे सांगेल ते विज्ञानाच्या उपयोगी पडेल.