पीएच.डी.चा अर्ज भरण्याआधी



निकाल लागले की संध्याकाळी आमच्याकडे मुले फॉर्म घेऊन येतात. अलीकडे एम.ए., एम.कॉम. झालेल्या मुली-मुलेही येतात. म्हणतात, "काका, पीएच.डी. करायची आहे, अर्ज कसा भरू?" आम्ही बी.कॉम.पर्यंत शिकलेले, पेशाने कारकून. प्रबंध कसा लिहावा हे आम्ही काय सांगणार? पण कागद कुठे अडतो आणि घर कुठे अडते, एवढे आम्हास ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मुलाची नोंदणी झाली. आम्ही लगेच वस्तीत त्याचा सत्कार केला, त्याला 'डॉक्टर' म्हणून हाका मारू लागलो. विषय त्याच्या मनातला नव्हता, दुसऱ्याने सुचविलेला होता. पुढे शिष्यवृत्ती लांबली, वडील अंथरुणाला खिळले. तिसऱ्या वर्षी त्याने काम सोडले. त्याचे दुःख आहेच. त्याहून मोठे दुःख हे की, तो आता वस्तीच्या कार्यक्रमाला येत नाही. शाल आधी घालून आम्हीच त्याची वाट अडवली.

वास्तविक परमपूज्य बाबासाहेबांचे शिक्षण तरी कुठे सरळ झाले? १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांची पुस्तके ज्या बोटीवर होती तीही बुडाली. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे पुन्हा लिहावा लागला. पदवी १९२३ साली मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ साली हाती आली. तेव्हा पैसे संपणे, काम थांबणे, प्रबंध परत येणे यात लाज कसली?

आता कामाच्या गोष्टी.

पात्रता : यू.जी.सी.च्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींना ५ टक्के सवलत आहे. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. केवळ प्रवेशापुरते मिळालेले गुण एकच वर्ष चालतात.

मुदत : कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. महिलांना त्याहून दोन वर्षे अधिक सवलत व २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपनाची रजा मिळते. सुनेचे शिक्षण मुलासाठी थांबविणाऱ्या घरांनी हे अवश्य वाचावे.

विषय : 'गोंदिया जिल्ह्यातील शेती' हा विषय नव्हे, तो समुद्र आहे. 'अर्जुनी मोरगाव तालुक्यातील मालगुजारी तलाव आणि लहान धानशेतकरी' हा विषय झाला. त्यात पाच वर्षे पाय रोवता येतात. ठरविण्याआधी 'शोधगंगा' या संकेतस्थळावर त्याच विषयाचे जुने प्रबंध फुकट वाचावेत. त्यातले उतरवून मात्र घेऊ नये. प्रबंध तपासला जातो.

मार्गदर्शक : नाव पाहून नव्हे, काम पाहून निवडावा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे की, लिहिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळते? बाबासाहेबांचे मार्गदर्शक प्रा. कॅनन यांना त्यांची अनेक मते पटत नव्हती. तरीही रुपयाच्या प्रश्नावरील त्या ग्रंथाला त्यांनीच प्रस्तावना लिहिली. असा माणूस मिळाला तर भाग्य समजावे.

पैसा : केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीचीही आहे. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. पहिला हप्ता उशिरा येईल असे धरूनच घरखर्चाचा हिशेब मांडावा.

कागद : ही आमची कारकुनी सूचना. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा, झेरॉक्स एका फाईलमध्ये लावा. तोंडी आश्वासनावर तारीख नसते.

आणि अर्ज भरण्याआधी आईवडिलांसमोर बसून बोला. पाच वर्षे घरात पगार येणार नाही, नागपूरच्या फेऱ्या होतील, धाकट्याच्या फीचे काय, हे आधीच ठरू द्या. घराने हो म्हटले तर अर्धे काम झाले.

तो मुलगा हे वाचत असेल, तर त्याने फाईल घेऊन आमच्याकडे यावे. नव्याने अर्ज करता येतो. या वेळी चहा होईल. शाल प्रबंध मान्य झाल्यावर.

जयभीम.